चुकलेली तारीख, गोठवलेले दोन भ्रूण आणि चार वर्षांचा अबोला

एका जोडप्याच्या पत्रातला प्रश्न थोडक्यात असा आहे. शिरोळ तालुक्यातलं नदीकाठचं गाव, लग्नाला अकरा वर्षं. नवऱ्याच्या वीर्यतपासणीत शुक्राणू दर मिलिलिटरला ४० लाखच निघाले, पत्नीच्या तपासण्या ठीक. २०२१ च्या सुरुवातीला इक्सी (प्रयोगशाळेत बीजात एकच शुक्राणू टोचण्याची पद्धत) करून तीन भ्रूण तयार झाले. एक गर्भाशयात सोडला, तो रुजला नाही. दोन गोठवून ठेवले. त्यातला एक सोडण्याची तारीख जुलैअखेरची होती, गोळ्या आणि प्रोजेस्टेरॉन (गर्भाशयाचं अस्तर भ्रूणासाठी तयार करणारं संप्रेरक) सुरू झालेलं होतं, आणि पुराचं पाणी आलं. नवरा आईला आणि दोन म्हशींना छावणीत हलवत राहिला, कोल्हापूरच्या वंध्यत्व उपचार केंद्रात जाणं झालं नाही. पत्र लिहिणाऱ्या ताईंचं म्हणणं, "त्यांनी आमच्या बाळापेक्षा म्हशी निवडल्या." नवऱ्याचं म्हणणं, "घर बुडत होतं आणि ही तारखा मोजत होती." तेव्हापासून दोघं एका घरात राहतात, पण कामापुरतंच बोलतात. सासूबाई दुसऱ्या लग्नाची भाषा करतात, कारण दोष मुलाकडे आहे हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ताई आता ३७ च्या आहेत, नवरा ४२ चा. ते भ्रूण अजून असतील का, आणि हे लग्न टिकेल का, असं त्या विचारतात.

ताई, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण दुसऱ्याचा निम्मा गुंता त्यातच अडकलेला आहे. त्या दिवशी तुमचं बाळ गेलं नाही. गोठवलेला भ्रूण साधारणपणे हस्तांतरणाच्या, म्हणजे गर्भाशयात सोडण्याच्या, दिवशी सकाळी वितळवतात, स्त्री केंद्रात येणार हे नक्की झाल्यावर. तुम्ही पोचू शकला नाहीत, तेव्हा तो बहुधा बाहेर काढलाच गेला नसेल. वाया गेली ती गर्भाशयाच्या अस्तराची तयारी, म्हणजे एका महिन्याच्या गोळ्या. हे तुम्हाला तेव्हाच कुणीतरी नीट सांगायला हवं होतं. ते सांगितलं गेलं नाही, आणि चार वर्षं तुम्ही मनात एक मृत्यू सांभाळत आहात. म्हणून पहिलं काम हे की केंद्राला पत्र किंवा मेल पाठवून लेखी उत्तर मागा. आमच्या नावे किती भ्रूण आहेत, कोणत्या तारखेला गोठवले, त्या दिवशी ते किती दिवसांचे होते, त्यांचा दर्जा काय नोंदवला आहे, साठवणुकीच्या कोणत्या टाकीत आणि टाकीतल्या कोणत्या पट्टीवर आहेत, साठवणुकीचं शुल्क कधीपर्यंत भरलेलं आहे. फोनवरच्या "हो हो, आहेत" या उत्तरावर थांबू नका. शुल्क थकलं असेल तर ते आधी भरा, मग बाकीचं बोला.

पुरात वीज गेली की भ्रूण खराब होतात ही समजूतही काढून टाका. ते द्रवरूप नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांवर असतात. ती टाकी म्हणजे मोठ्या थर्मासासारखी असते, तिला वीज लागत नाही. नायट्रोजन हळूहळू उडून जातो, म्हणून तो वेळोवेळी भरावा लागतो, एवढंच. धोका असतो तो टाकी तळघरात किंवा तळमजल्यावर असण्याचा आणि पुरात नायट्रोजनची गाडी न पोचण्याचा. टाक्या कितव्या मजल्यावर आहेत, पातळी कोण आणि किती दिवसांनी मोजतं, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. नदीकाठच्या शहरातल्या केंद्राला तर हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

वयाची भीतीही थोडी कमी करता येईल. हे भ्रूण तुमच्या ३३ व्या वर्षीच्या बीजांपासून झालेले आहेत. गोठवलेल्या अवस्थेत त्यांचं वय वाढत नाही, म्हणून रुजण्याची शक्यता बऱ्याच अंशी ३३ च्या हिशेबाने धरायची, ३७ च्या नाही. चांगल्या प्रयोगशाळेत वितळवल्यावर दहापैकी नऊहून अधिक भ्रूण टिकतात. पाच दिवसांचा चांगला भ्रूण असेल तर एका प्रयत्नात गर्भ राहण्याची शक्यता साधारण तीनात एक ते दोनात एक. याचा दुसरा अर्थही आजच ऐकून ठेवा: दोन्ही न रुजणं हीसुद्धा अगदी शक्य गोष्ट आहे. कायद्याने भ्रूण दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, तेव्हा उद्याच धावत सुटण्याची गरज नाही. मात्र नव्याने बीजं काढायची वेळ आली तर तिथे तुमचं आजचंच वय मोजलं जाईल, म्हणून अजून चार वर्षं अबोल्यात घालवणं परवडणारं नाही.

आता पुराच्या त्या दिवसांबद्दल. तुमचे पती पत्राच्या शेवटी एकच ओळ लिहितात, "मी तेव्हा चुकलो का?" सरळ उत्तर देते. जुलै २०२१ मध्ये कोल्हापूरजवळच्या शिरोलीपाशी पुणे-बंगळुरू महामार्गावर पाणी आलं आणि रस्ता काही दिवस बंद राहिला. जयसिंगपूरकडून कोल्हापुरात शिरायची मुख्य वाट तीच. त्यांनी म्हशी सोडून दिल्या असत्या, तरी तुम्ही पोचला असता असं धरून चालता येत नाही. अंथरुणाला खिळलेली आई आणि रोजचं दूध देणारी जनावरं आधी हलवणं ही चूक नव्हती. चूक दुसरी आहे, आणि ती दोघांना बघावी लागेल. त्यांनी तुम्हाला "आज जाता येणार नाही, मलाही वाईट वाटतंय" हे वाक्य एकदाही म्हटलं नाही. आणि तुम्ही दोघांनीही केंद्राला वेळेत फोन केला नाही. प्रोजेस्टेरॉन सुरू होण्याआधी फोन गेला असता तर अस्तर वाढवणाऱ्या एस्ट्रोजेनच्या गोळ्या काही दिवस पुढे चालू ठेवून तारीख लांबवता आली असती. प्रोजेस्टेरॉन सुरू झालं की अस्तराचं घड्याळ चालू होतं. पाच दिवसांचा भ्रूण साधारण सहाव्या दिवशीच सोडावा लागतो. तो दिवस हुकला की औषधं थांबवून पाळी येऊ द्यायची आणि पुढच्या महिन्यात पुन्हा सुरुवात करायची. तुम्ही नेमक्या त्या टप्प्यावर होता. त्यात ना तुमचा हट्ट होता, ना त्यांचा निर्दयपणा.

हे मी सांगितलं म्हणून राग उतरणार नाही, हे माहीत आहे. त्यासाठी एक काम करा, आणि जसं सांगते तसंच करा, कारण थोडं बदललं की ते भांडणात जातं. दोघांनी वेगवेगळं बसून त्या दिवसांचा तासातासाचा तक्ता लिहायचा. पाणी कधी कुठवर आलं, तुम्ही कुठे होता, कुणाचा फोन आला, कशाची भीती वाटली. फक्त स्वतःचं लिहायचं. "तू" आणि "तुम्ही" हे शब्द त्या कागदावर नकोत. मग एका दिवशी, रात्री अंथरुणावर नाही आणि सासूबाई ऐकतील अशा जागीही नाही, मळ्यात किंवा बाहेर कुठे तरी बसून कागद बदलायचे. एकाने वाचायचं, आणि वाचल्यावर आधी फक्त समोरच्याला काय वाटलं होतं ते आपल्या शब्दांत सांगायचं. उत्तर द्यायचं नाही, सफाई द्यायची नाही. चाळीस मिनिटं झाली की उठायचं, राहिलेलं पुढच्या आठवड्यात. अशा तीन बैठका पुरतात. हे फसतं ते दोन कारणांनी. एक, कागदाचा पुरावा होतो, "बघ, तूच लिहिलंयस". दोन, कुणी तरी भावाला किंवा बहिणीला मध्ये बसवतं. सोयऱ्यांना यात आणू नका. तिसऱ्या माणसाची गरज वाटली तर समुपदेशकाकडे जा, आणि दोघं एकत्र जा.

यावर इतकं लिहिते कारण बहुतेक जोडपी इथेच घसरतात. अबोला न सोडवता ती थेट पुढची तारीख घेतात, आणि मग प्रत्येक इंजेक्शन, प्रत्येक रिपोर्ट त्या जुन्या दिवसांचा खटला होऊन बसतो. चाचणी नकारात्मक आली की "तेव्हाच गेलो असतो तर" हे वाक्य येतंच. पुराच्या त्या दिवसांचा हिशेब वेगळा मिटवा, उपचाराच्या वहीत तो घेऊ नका.

शरीरसंबंधाबद्दल तुम्ही एकच शब्द लिहिला आहे, "बंद". अशा घरात ते होतं. वर्षानुवर्षं डॉक्टरांनी दिलेल्या दिवसांचा हिशेब ठेवून जवळ यायचं, म्हणजे ते काम होऊन बसतं. पुढचे सहा आठवडे संबंध ठेवायचेच नाहीत असं दोघांनी ठरवा. फक्त जवळ बसणं, हात धरणं, पाठ चोळून देणं. दिवस मोजणं बंद. तारखांचं बंधन उठलं की जवळीक परत यायला जागा मिळते. गोठवलेल्या भ्रूणांसाठी संबंधांच्या तारखा लागत नाहीत, त्यामुळे त्यातून उपचाराचं काहीच अडत नाही. दोघांपैकी कुणाला दोन आठवड्यांहून जास्त काळ झोप नाही, कशातच रस नाही, दारू वाढली आहे असं दिसलं, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं. जीव नकोसा वाटतो असा विचार आला तर वाट न बघता त्याच दिवशी दवाखाना गाठा.

सासूबाईंचं. इथे मी मध्यममार्गी बोलणार नाही. कमी शुक्राणूंचं कारण लपवून बायकोला टोमणे खाऊ देणं हा अन्याय आहे, आणि तो थांबवायचं काम मुलाचं आहे. दादा, तुम्हीच आईला सांगा. आकडे सांगायची गरज नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या पुस्तिकेत मिलिलिटरला १ कोटी ६० लाख ही खालची मर्यादा धरली आहे, तुमचे ४० लाख, हा हिशेब त्यांना कशाला? एवढं म्हणा: "आई, अडचण माझ्याकडे आहे. डॉक्टरांनी सांगितलंय. हिला पुन्हा काही बोलायचं नाही." हे वाक्य पत्नीच्या समोर म्हणा. शुक्राणू कमी असणं म्हणजे पुरुषत्व कमी असणं नव्हे. इक्सीमध्ये एका बीजासाठी एकच शुक्राणू लागतो, आणि तुमच्याच शुक्राणूंपासून तीन भ्रूण झालेले आहेत.

कायदा काय म्हणतो तेही दोघांना माहीत असू द्या. मूल होत नाही म्हणून किंवा मुलगा होत नाही म्हणून अपमान करणं, हे २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळ म्हणून शब्दशः लिहिलेलं आहे. मूल न होणं हे हिंदू विवाह कायद्यात घटस्फोटाचं कारण नाही. पहिलं लग्न कायम असताना दुसरं लावलं तर ते रद्दबातल ठरतं आणि सात वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. उद्या तक्रार करा असं मी म्हणत नाही. पण घरात दुसऱ्या लग्नाचं बोलणं निघालं की हे माहीत असलेला माणूस ताठ बसतो. १८१ हा महिलांसाठीचा मदतीचा क्रमांक आहे.

आता उपचार. या भ्रूणांसाठी पतीची नवी वीर्यतपासणी लागत नाही. तुमच्या तपासण्या लागतात, कारण चार वर्षं झाली. सोनोग्राफी, हिमोग्लोबिन (१२ च्या वर असावं), थायरॉइडची टीएसएच (बहुतेक डॉक्टर ती २.५ च्या आसपास किंवा खाली आणून मगच पुढे जातात), एचबीएवनसी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा), रक्तदाब आणि रुबेलाची (जर्मन गोवराची) प्रतिकारशक्ती. रुबेलाची लस घ्यावी लागली तर नंतर एक महिना हस्तांतरण नाही. पहिला चांगला भ्रूण का रुजला नाही याचा शोध घेताना गर्भाशयात दुर्बीण घालून बघायचं का, आणि अस्तराची क्षयासाठी तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्याकडे जननमार्गाचा क्षय अनेकदा कुठलीही लक्षणं न देता लपून बसतो. फॉलिक अ‍ॅसिड किमान महिनाभर आधी सुरू करा, रोज ४०० मायक्रोग्रॅम. दुकानात बहुतेक वेळा ५ मिलिग्रॅमची गोळी हातात देतात. ती काही ठरावीक कारणांसाठीच असते, म्हणून चिठ्ठीवरचा आकडा बघून घ्या.

ठरलेल्या महिन्यात पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून एस्ट्राडायोल (एस्ट्रोजेनची गोळी) २ मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, ही नेहमीची पद्धत. दहाव्या-बाराव्या दिवशी सोनोग्राफीत अस्तर ७ मिलिमीटर किंवा जास्त असलं की प्रोजेस्टेरॉन, आणि सहाव्या दिवशी हस्तांतरण. पाळी नियमित असेल तर नैसर्गिक चक्रातही, म्हणजे स्वतःच्या पाळीच्या लयीवर, हे करता येतं. त्यात गोळ्या कमी, पण सोनोग्राफीच्या फेऱ्या जास्त, आणि गावावरून कोल्हापूरच्या फेऱ्या किती जमतील हे तुम्हीच जाणता. दोन भ्रूण आहेत म्हणून दोन्ही एकदम सोडू नका. एक वितळवा, दुसरा राहू द्या. जुळ्यांत वेळेआधी प्रसूतीचा धोका बराच वाढतो, आणि नवजात अतिदक्षता कक्ष गावापासून लांब आहे. हस्तांतरणानंतर पंधरा दिवस पडून राहायची गरज नाही, त्याने रुजणं वाढत नाही. गाडीने घरी या, हलकी कामं करा. अकराव्या-बाराव्या दिवशी रक्तात बीटा एचसीजी, म्हणजे गर्भ राहिला का ते सांगणारी तपासणी. मध्ये थोडं रक्त दिसलं तरी औषध स्वतःहून थांबवू नका. गोळ्यांवर केलेल्या चक्रात अंडाशयातून आपोआप प्रोजेस्टेरॉन येत नसतं. गर्भ राहिला तरी दहा-बारा आठवड्यांपर्यंत त्याला हाच बाहेरचा आधार असतो, आणि तो मध्येच तुटला तर चांगला गर्भही जाऊ शकतो.

महिना कोणता निवडायचा, हा नदीकाठच्या जोडप्यासाठी खरा प्रश्न आहे आणि तो कुणी विचारत नाही. पाच दिवसांचा भ्रूण सोडल्यापासून २६१ दिवस मोजले की बाळंतपणाची तारीख येते. ऑक्टोबर ते डिसेंबरात हस्तांतरण केलं तर बाळंतपण जूनच्या मध्यापासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत, म्हणजे ऐन पाण्यात. हस्तांतरण १५ फेब्रुवारीला केलं तर तारीख ३ नोव्हेंबर, १५ मार्चला केलं तर १ डिसेंबर. फेब्रुवारी-मार्च धरा. मग बाळाच्या व्यंगतपासणीची सोनोग्राफी साधारण जूनअखेरपर्यंत उरकते, जुलै-ऑगस्टात साधारण सहावा-सातवा महिना असतो, आणि बाळंतपण पाणी ओसरल्यावर. पैशाच्या दृष्टीनेही हे बरं पडतं, कारण तोवर उसाचं बिल आलेलं असतं. गोठवलेला भ्रूण सोडण्याचा खर्च बीजं काढण्यापासूनच्या नव्या पूर्ण चक्रापेक्षा बराच कमी असतो. तरी वितळवणं, हस्तांतरण, औषधं, सोनोग्राफी आणि थकलेलं साठवणूक शुल्क, प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घ्या. पुरानंतरच्या घरदुरुस्तीचं कर्ज अजून चालू असेल तर खासगी सावकाराकडे किंवा बचतगटाच्या तिसऱ्या कर्जाकडे जाऊ नका. एक वर्ष थांबलात तर भ्रूण थांबतात, व्याज थांबत नाही.

दोन्ही प्रयत्न फसले तर कुठे थांबायचं, हे आजच ठरवा, कारण नकारात्मक रिपोर्ट हातात असताना कुणालाच थांबता येत नाही. एका कागदावर दोघांनी लिहा: नवीन चक्र करणार की नाही, केलं तर किती आणि कोणत्या पैशातून. दत्तकाचा विचार मनात असेल तर वयाची मर्यादा जवळ येते आहे. दोन वर्षांखालच्या बाळासाठी नवरा-बायकोच्या वयाची बेरीज ८५ पर्यंत चालते. तुमची आज ७९ आहे आणि ती दर वर्षी दोनने वाढते, म्हणजे तीन वर्षं. प्रतीक्षा यादी काही वर्षांची असते. कारा या केंद्रीय दत्तक संस्थेच्या संकेतस्थळावरची नोंदणी उशिरा करून पस्तावलेली जोडपी पुष्कळ आहेत.

आणि पुढच्या पावसाळ्याचा बेत मे महिन्यातच करा, गर्भ असो वा नसो. कोल्हापूरजवळच्या पंचगंगेवरील राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. तुमच्या गावात कृष्णेचं पाणीही चढतं, म्हणून सांगलीच्या आयर्विन पुलाचे ४० आणि ४५ हे आकडेही बघायचे. गरोदर बाईने इशारा पातळीलाच निघायचं, धोका पातळीची वाट बघायची नाही. जायचं घर आधी ठरलेलं हवं, आणि ते घर २०१९ आणि २०२१ ला कोरडं राहिलेलं हवं. फाइल दोन प्लास्टिक पिशव्यांत, सगळ्या रिपोर्टांचे फोटो दोघांच्या आणि माहेरच्या एका फोनमध्ये, औषधं पंधरा दिवसांची. पुरानंतर लेप्टो (दूषित पाण्यातून होणारा ताप) होऊ नये म्हणून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या वाटतात, त्या गरोदरपणात घ्यायच्या नसतात. वाटणाऱ्याला आधी सांगा. सासूबाईंना हलवायला चार माणसं आणि गाडी लागेल, त्यांची नावं आत्ताच लिहून ठेवा. आणि म्हशींचं सगळ्यांत आधी ठरवा: राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडू लागले की, पाणी ३९ फुटांवर यायच्या आधीच, त्या उंचावरच्या गोठ्यात जायच्या, वैरण तिथे आधी टाकलेली, गोठेवाल्याशी भाडं बोललेलं. म्हशी पोचल्या की दादा रिकामे. मग गाडीत तुमच्या शेजारी ते असतील.